कंसातला कोबी

"पहिला शब्द 'जाहिरात'. तोही कंसात. मग बाकीचं." प्यो ग्वांगशिकनं चष्मा कपाळावर ढकलला आणि जाड्या बोटानं फोन टोकरायला घेतला.

त्याची बायको बुन्रे कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून खारवलेल्या कोबीचे गड्डे खोक्यात दाबत होती. ती म्हणाली, "अहो, लोकांनी कोबी आधीच सांगून ठेवलाय. 'तयार आहे, घेऊन जा' एवढंच कळवायचंय. त्यात कसली आलीय जाहिरात?"

"गेल्या वर्षी पण तू 'त्यात काय' म्हणालीस, आणि तक्रार-ऑफिसातून फोन कुणाला आला? मला. यंदा सगळं कायद्यात बसूनच होणार."

माणूस वाईट नव्हता हो. पण त्याला एकदा चटका बसला की तो थंड सूपसुद्धा फुंकून प्यायचा. गेल्या वर्षी त्यानं रात्री नऊ वाजून गेल्यावर सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला होता, 'या या, कोबी बघा.' वर 'जाहिरात' लिहिलेलं नव्हतं आणि कुणाला विचारलेलंही नव्हतं. कुणीतरी तक्रारीचं बटण दाबलं. मेसेजच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या बाईनं समज देऊन सोडलं, पण ग्वांगशिक पार हादरला. तेव्हापासून मेसेजचे नियम त्याला तोंडपाठ झाले. पहिला शब्द 'जाहिरात'. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर. नको असेल त्याला फुकटात नकार कळवायची सोय. रात्री नऊ ते सकाळी आठ गप्प बसायचं. आणि मुळात माणसाची संमती हवी.

या संमतीपायी त्यानं सगळा पावसाळा बाजाराला छळलं. मुळ्याची जुडी हातात देण्याआधी विचारायचा, "मेसेज पाठवला तर चालेल ना? मोठ्यानं 'हो' म्हणा." सासूबाईंनाही सोडलं नाही. म्हातारी ताडकन म्हणाली, "जावईबापू, मुलगी देताना 'हो' म्हणाले होते, त्याचे भोग अजून भोगतेय. आता परत 'हो' म्हणू?"

"आई, म्हणा ना. कायदा आहे."

"हो! झालं समाधान?"

तर त्या दिवशीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या सगळ्या इमारतींमध्ये किमची, म्हणजे कोबीचं वर्षभराचं तिखट लोणचं, घालायची होती. लेकी-सुना सुट्ट्या काढून आल्या होत्या, घराघरात तिखटाचा लगदा कालवून ठेवला होता. कोबी तेवढा ग्वांगशिककडून यायचा होता. खारवून, धुऊन, निथळून ठेवलेला कोबी म्हणजे मांडवात उभी नवरी. आज नेला तर नेला, नाहीतर उद्या लगदा होतो. आणि मेसेज आल्याशिवाय कुणी यायचं नाही, ही आमच्या बाजाराची रीत. उगाच कोण पायपीट करणार?

ग्वांगशिकनं वाचून दाखवलं, "कंसात जाहिरात. प्यो भाजीवाले. तुमचा कोबी तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत न्या. जोडीला मुळा स्वस्त. नको असल्यास फुकट नंबर असा असा."

"मुळा कशाला मध्येच?"

"मुळा पडून आहे म्हणून."

पाठवला. दहा वाजले, अकरा वाजले, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आणि मग फोन टिंग वाजला.

"आलं कुणीतरी!" बुन्रेनं हात पुसले.

"आलं नाही. नकार कळवलाय," ग्वांगशिक म्हणाला. पुन्हा टिंग. पुन्हा टिंग. बाहेरची रिकामी खोकी थरथरावीत असं टिंग टिंग चाललं.

शेजारी खारवलेल्या कोळंबीचं दुकान होतं गिल्जाचं. तिनं मान आत घातली. "काय हो प्योदादा, देऊळ काढलंत की काय? कसली घंटा वाजतेय सकाळपासून?"

"लोक नकार देतायत," बुन्रे रडवेली होऊन म्हणाली. "गिल्जाताई, तुमच्याकडे आला का मेसेज?"

"आला असेल." गिल्जानं फोन काढला, बराच वेळ खाली खाली सरकवत राहिली. "हां, हा बघा. जुगारवाले आणि कर्जवाले, त्यांच्या मधोमध बसलायत तुम्ही. 'जाहिरात' बघितली की फोनच तो मेसेज उचलून कचऱ्यात टाकतो. मी तर उघडतच नाही."

ग्वांगशिक हटला नाही. हटणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं लगेच दुसरा मेसेज लिहिला, "आधीचा मेसेज ही जाहिरात नव्हती."

"छान. पाठवा," बुन्रे म्हणाली.

"थांब. वर 'जाहिरात' लिहायचं राहिलं."

"अहो!"

"खाली मुळा आहे ना! मुळा आहे तोवर जाहिरात आहे." आणि त्यानं पाठवला: कंसात जाहिरात, ही जाहिरात नाही, मुळा स्वस्त.

त्यानंतर फोन इतका वाजला की गिल्जानं कानात कापूस घातला. एका टिंगला ग्वांगशिकचा चेहरा पडला. बुन्रेनं डोकावून पाहिलं. नकार तिच्या आईचा होता.

"माझ्या आईनं?"

"मोठ्यानं 'हो' म्हणाल्या होत्या," ग्वांगशिक दुखावलेल्या आवाजात म्हणाला.

शेवटी त्यानं ऑफिसला फोन लावला. बाई भली होती. म्हणाली, "काका, सांगून ठेवलेला माल तयार आहे हा साधा निरोप. त्याला 'जाहिरात' लिहायची गरजच नाही. पण तुम्ही मुळा घातलात. मुळा आला की सगळा मेसेज जाहिरात झाला. मुळा काढा आणि बिनधास्त पाठवा. ज्यांनी जाहिरातीला नकार दिलाय त्यांनाही निरोप चालतो."

मुळा काढला. साधा, सरळ निरोप गेला. पण आता काय उपयोग? निम्म्या लोकांनी त्याचा नंबरच बंद करून टाकला होता, उरलेल्यांच्या फोननं प्यो भाजीवाल्याला जुगाऱ्यांच्या रांगेत कायमचं बसवलं होतं. बुन्रेनं स्वतःच्या फोनवरून एकेकाला लावून बघितलं. अनोळखी नंबर आजकाल उचलतंय कोण? भामट्यांचा सुळसुळाट आहे. एकीनं उचलला.

"बाई, कोबी..." बुन्रे एवढंच म्हणाली.

"मला कोबीत पैसे गुंतवायचे नाहीत!" आणि फोन आपटला.

दुपार कलली. खोक्यांतून पाणी झिरपायला लागलं. बुन्रे एका खोक्यावर बसली आणि नासलेल्या पदार्थाकडे बघावं तसं नवऱ्याकडे बघत म्हणाली, "उद्या लोकांकडे कोबी नसेल. सगळे मॉलमध्ये पळतील. पुढच्या वर्षी आपलं नाव कोण घेणार?"

ग्वांगशिक उठला. कमरेचा पट्टा आवळला. "टेम्पो काढतो."

"आणि?"

"त्यांना नकोत मेसेज, तर मेसेज नाही. कोबी घेऊन आपण दारात जायचं."

टेम्पोवर भोंगा होताच, कांदे-बटाटे विकायचा. टेकडीवरच्या फाटकाशी राखणदार थाक काकांनी हात आडवा केला. "भोंगा आत चालणार नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर ग्वांगशिकनं वाकून नमस्कारच केला. "बरोबर आहे काका. मी बाहेर रस्त्यावर उभा राहतो." त्यानं टेम्पो कुंपणाला लावला, घड्याळ बघितलं, नवाला भरपूर अवकाश होता. मग भोंगा तोंडाला धरला.

"जाहिरात! जाहिरात! ही जाहिरात आहे!"

"अहो, इथं कशाला?" बुन्रेनं तोंड झाकून घेतलं.

"खोक्यांबरोबर मुळा पण आणलाय," तो भोंग्याच्या आडून म्हणाला, आणि पुन्हा ओरडला, "पाठवणारा, प्यो ग्वांगशिक, खालच्या बाजारातला भाजीवाला! तुमचा कोबी तयार आहे! ज्यांना हे ऐकायचं नसेल त्यांनी आपापली खिडकी लावून घ्यावी! खिडकी लावायला पैसे पडत नाहीत!"

आता सांगा, 'खिडकी लावा' म्हटल्यावर कोण लावतं? सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. कुणी तिखटानं लाल झालेल्या हातानं, कुणी टॉवेल गुंडाळून बाहेर लोंबायला लागलं. थाक काकांनी चौकीची खिडकी आधी लावली आणि लगेच अर्धी उघडली.

"अगं, कोबी आलाय खाली!"

"मघाशी त्या फोनवर कोबीवाली होती ना, ती खरीच होती की काय?"

"प्योदादा, मुळा कसा दिला?"

बघता बघता टेम्पोभोवती चपला घसटत बायकांची रांग लागली. खोकी एकेक करून जिन्यांनी वर चढली. मुळा तर सगळ्यात आधी संपला. ज्यांनी टिंग टिंग केलं होतं त्या बायका तोंड लपवून हसत होत्या, आणि ग्वांगशिक एकेकीला खोकं देताना अदबीनं म्हणत होता, "नकार मिळाला हं तुमचा. पुन्हा जाहिरात पाठवणार नाही."

शेवटी एकच खोकं उरलं. सासूबाईंचं. वर त्यांची खिडकी मात्र घट्ट बंद.

"चला, देऊन येऊ," बुन्रे म्हणाली.

"कसं देणार? त्यांनी फोनवरून नकार दिला, आता खिडकीही लावलीय. दोनदा नाही म्हणाल्यायत. मी जबरदस्ती करणार नाही."

"अहो, आई आहे ती माझी!"

"कायदा आई-बाप बघत नाही."

तेवढ्यात खिडकी खाडकन उघडली. म्हातारी कमरेपर्यंत बाहेर आली. "कोबी नको म्हणाले का मी? बडबड नको म्हणाले! कोबी वर आण!"

ग्वांगशिक भोंगा खाली न करताच म्हणाला, "म्हणजे कोबीला संमती आहे?"

सगळी इमारत कान टवकारून उभी.

"आहे! आणि ऐकून ठेव, गेल्या वर्षी तक्रारीचं बटण मीच दाबलं होतं! नुकता डोळा लागला होता माझा, आणि हे म्हणे, 'या या, कोबी बघा'!"

ग्वांगशिकच्या हातातला भोंगा कलला. वर्षभर ज्याच्या भीतीनं तो दचकून उठत होता, ते बोट घरचंच निघालं. त्यानं भोंगा खाली ठेवला. खोकं खांद्यावर घेतलं आणि जिना चढून म्हातारीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. निघताना एवढंच म्हणाला, "आई, तुमची तक्रार बरोबर होती. वेळ चुकली होती माझी."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन टिंग वाजला. त्यानं आधी घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते. मग मेसेज उघडला आणि बुन्रेच्या हातात दिला. तिनं वाचला.

"(जाहिरात) पाठवणारी, सासू. किमची झाली, मांस शिजतंय, गरम गरम खायला या. जावईबापूंना नको असल्यास नकार फुकट."

ग्वांगशिकनं चष्मा कपाळावर ढकलला आणि सावकाश, एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं.

"संमती आहे. मुळा आणू का?"