कॉर्व्हेटची दुसरी सीट

वाहन हे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी असते, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. ज्यांच्याकडे साधी वाहने आहेत त्यांनीच तो पसरवला, हे उघड आहे. मौल्यवान वाहनाच्या मालकाला असली घाई नसते. त्याला कुठे जायचे झाले तर तो टॅक्सी करतो.

याच तत्त्वावर 'जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार मालक व आस्वादक मंडळ, यूएई' उभे आहे. (मंडळ नोंदणीकृत नाही. नोंदणीशिवाय इथे मंडळ चालवता येत नाही, म्हणून हे मंडळ नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.) मी त्याचा सचिव. सदस्य नऊ, गाड्या साडेआठ. अर्धी गाडी सुजीत यांची. त्यांच्या कॅमॅरोची बॉडी शारजात आणि इंजिन दुबईतल्या अल क्वोजच्या एका गॅरेजात, अशी ती तीन वर्षे नांदते आहे. ती चालवली जाण्याची अजिबात भीती नसल्यामुळे मंडळाने तिला 'सर्वोत्कृष्ट जतन' हे पारितोषिक लागोपाठ दोनदा दिले.

आमचे सर्व सदस्य पुण्या-मुंबईचे, पगारदार आणि कुटुंबवत्सल आहेत. ऑफिसला ते समजूतदार जपानी गाडीतून जातात. अमेरिकन गाडी घरी, शेडखाली, तीन कव्हरांच्या आत असते. आतले कव्हर मऊ कापडाचे. मधले पावसाचे. (पाऊस इथे वर्षातून जेमतेम दोनदा येतो, पण मागे एकदा असा आला की रस्त्यावर गाड्या तरंगल्या. तेव्हापासून मधले कव्हर सक्तीचे आहे.) सर्वांत वर सोलापुरी चादर. चादरीवरून मंडळात बरीच वादावादी झाली होती. शेवटी नियमात 'शक्यतो' हा शब्द घालून ती मिटवण्यात आली.

आता अशा गाडीचा आस्वाद घ्यायचा कसा, असा प्रश्न अडाणी माणसाला पडेल. गाडी पुसता येते. पुसलेल्या गाडीचा फोटो ग्रुपवर टाकता येतो. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंगवर हात ठेवून बसता येते. काही सदस्य या अवस्थेत गिअरही बदलतात. शनिवारी सकाळी दहा मिनिटे इंजिन चालू करून त्याच्या आवाजाची व्हॉइस नोट पाठवता येते, आणि तिला उरलेल्या आठ जणांनी 'वा' म्हणण्याचा प्रघात आहे. सुजीत दुसऱ्याच कुणाच्या तरी इंजिनाचा आवाज पाठवतात. त्यालाही आम्ही 'वा' म्हणतो, कारण आपली माणसे आहेत.

गेल्या वर्षी सर्व सदस्यांच्या गाड्या मिळून एकशे बारा किलोमीटर गेल्या. त्यातले एकशे चार रिकव्हरीच्या ट्रकवरून. वर्षातून एकदा सरकारी तपासणीला गाडी न्यावी लागते. ही गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे का, हे तिथे पाहतात. चालवत नेली तर वाटेत काही व्हायचे, म्हणून आम्ही ती ट्रकवर चढवून नेतो. आजवर एकही गाडी नापास झालेली नाही.

भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा गाडीभोवती एक फेरी मारून 'किती देते?' असे विचारतो. पूर्वी सदस्य खाली मान घालून 'लिटरला पाच' असे सांगत आणि पाहुणा सांत्वन केल्यासारखा खांद्यावर हात ठेवत असे. आता आम्ही हिशेब नीट मांडतो. गाडी काढलीच नाही तर पेट्रोल लागत नाही. या कसोटीवर आमच्या गाड्या जगात सर्वांत काटकसरी ठरतात.

अफनान नावाच्या एका स्थानिक तरुणाने सदस्यत्व मागितले होते. त्याच्याकडे आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी मस्टँग आहे. चौकशीत असे आढळले की तो रोज संध्याकाळी तिच्यातून कडक चहा प्यायला जातो, मागच्या सीटवर भावंडे असतात आणि गालिच्यावर समोशाचा चुरा सापडतो. 'हबीबी, गाडी आहे, चालवायची नाही तर काय करायचं?' असे त्याने मला हिंदीतून विचारले. इतक्या अपरिपक्व विचारांचा माणूस मंडळात घेणे शक्य नव्हते.

मंडळाचे आदर्श सदस्य म्हणजे शैलेंद्र खांबेटे. अबू धाबीतल्या एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळतात. पत्नी मृणालिनी, नववीतली मुलगी मिहिका आणि १९७७ सालची लाल कॉर्व्हेट असे त्यांचे कुटुंब मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहते. गाडीला लांबलचक नाक आहे, सीटा दोन आहेत आणि डिकी नाही. मालकाने संसार मागे ठेवून बसावे, अशी तिच्या रचनाकाराची अपेक्षा दिसते.

ही गाडी घेण्यामागचे कारण त्यांचे वडील. अरुण खांबेटे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखान्यात आलेल्या अमेरिकन पाहुण्याने मागे ठेवलेल्या मासिकातून त्यांनी लाल कॉर्व्हेटचे चित्र कापले आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. घरात स्कूटर होती, कपाटात कॉर्व्हेट. शैलेंद्र शाळेचा शर्ट काढताना रोज ते चित्र पाही. गाडी घेतली तेव्हा त्याने पहिला फोन वडिलांना केला. किंमत दिरहममध्ये सांगितली, मग रुपयांत सांगितली. वडिलांनी एवढेच विचारले,

"लाल का?"

"लाल."

"बरं झालं."

त्यानंतर यंदाच्या थंडीत अरुणराव आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई दोन महिन्यांसाठी मुलाकडे आले. पहिल्याच सकाळी चादर निघाली, मधले कव्हर निघाले, आतले निघाले. अरुणराव दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती सावकाश फिरले. किती देते, हे त्यांनी विचारले नाही. मंडळाच्या इतिहासात असा पाहुणा आम्ही पहिल्यांदाच पाहिला. आवाज ऐकायला मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले, आणि शैलेंद्रने दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले.

तेव्हापासून दर शनिवारी एक गोष्ट घडू लागली. अरुणराव सकाळी आंघोळ करून इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, स्वेटर, टोपी आणि लेसचे बूट घालून पोर्चमधल्या खुर्चीवर बसत. शैलेंद्र दहा मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवी, ग्रुपवर व्हॉइस नोट पाठवी आणि बंद करी. मग अरुणराव आत जाऊन लेंगा घालत. (म्हाताऱ्या माणसांना सकाळी तयार होऊन बसायची सवय असते, असा घरच्यांचा समज झाला.)

गाडी बाहेर न काढण्याची कारणे सबळ होती. एका शनिवारी धुके होते. एका शनिवारी वारा सुटून वाळू उडाली. एकदा पावसाचा अंदाज होता. तो पडला नाही, पण पडला असता. उरलेल्या शनिवारी हवा इतकी सुंदर होती, की अशा हवेत सगळे अबू धाबी बाहेर पडते आणि गर्दीत ओरखडे उठतात. बाबांना एकदा तरी फिरवून आणा, असे मृणालिनीने तीन-चारदा सुचवले. चांगला प्रसंग पाहून नेऊ, असे शैलेंद्रने तिला सांगितले. मंडळाच्या नियमांत 'प्रसंग' या शब्दाची व्याख्या नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही.

असे असूनही एका शनिवारी शैलेंद्रच्या तोंडून निघून गेले,

"बाबा, मारायची का एक चक्कर?"

"नको रे, कशाला उगाच," अरुणराव म्हणाले. "तुझी गाडी खराब व्हायची."

शैलेंद्रने तत्काळ चावी फिरवून इंजिन बंद केले. इथे त्याचे कौतुक करणे भाग आहे. वडिलांनी इंजिनिअर हो म्हटले तेव्हा तो कॉमर्सला गेला. पुण्यातच राहा म्हटले तेव्हा त्याने आखाताचा व्हिसा काढला. वाकडला फ्लॅट घेऊ नकोस म्हटले तेव्हा दोन घेतले. पण या बाबतीत मात्र त्याने वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही. मिहिका दारात उभी होती. तिला मराठी सगळे समजते, उत्तर ती इंग्रजीत देते.

"डॅड, आजोबा सेज नो, बट ही इज वेअरिंग शूज."

मिहिका सदस्य नसल्यामुळे या निरीक्षणाची नोंद घेण्यात आली नाही.

शेवटी परत जाण्याचा दिवस आला आणि प्रसंग सापडला. वडिलांना विमानतळावर पोचवायला कॉर्व्हेट काढायची, असे शैलेंद्रने ग्रुपवर जाहीर केले. नऊपैकी सात जणांनी काळजी व्यक्त केली, एकाने पेट्रोल आहे ना असे विचारले. सचिव म्हणून मी जातीने हजर राहिलो. दुपारचे विमान होते, आकाश निरभ्र होते, मृणालिनीने आपली जपानी गाडी मागून आणायची असे ठरले होते. अरुणराव तर सकाळपासूनच बूट घालून बसलेले. मी त्यांना शुभेच्छा दिल्या तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बॅगा भरल्या. खजूर, बदाम, दूध पावडर, बाम, नातलगांसाठी साबण. चार बॅगा मृणालिनीच्या डिकीत बसल्या. मग मनोरमाबाईंनी आतून एक खोका आणवला. त्यात काचेचा डिनर सेट होता, भाचीच्या लग्नासाठी घेतलेला. खोक्यावर बाण काढलेले होते आणि बाणाचे टोक वरच राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मागच्या सीटवर ठेवून पाहिला तर तो ब्रेकला घसरेल असे वाटले. मिहिका मांडीवर घ्यायला तयार होती, पण तिच्या मांडीवर कुणाचा विश्वास नव्हता. सर्वांनी जरा वेळ विचार केला आणि मग सगळ्यांचीच नजर कॉर्व्हेटच्या दुसऱ्या सीटकडे गेली. खोलगट सीट, दोन्ही बाजूंनी उंच, वर पट्टा. त्या खोक्याचे माप घेऊनच जणू ती केली होती.

कुणी काही बोलण्याआधी अरुणराव म्हणाले,

"तिथे खोका ठेव. मी काय, कुठेही बसेन."

"नक्की ना, बाबा?"

"हो रे. ते काचेचं आहे."

शैलेंद्रने खोका सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि तो घट्ट आहे ना हे दोनदा ओढून पाहिले. मृणालिनी काहीतरी बोलणार होती, पण सासूसासऱ्यांचे आपसात ठरल्यासारखे दिसल्यावर ती आपल्या गाडीकडे वळली.

मृणालिनीच्या गाडीत मला पुढे बसायला सांगण्यात आले. मी नको म्हणालो. पुढे काकांना बसू द्या, असेही म्हणालो. पण मी पाहुणा. पाहुण्याचे नको कुणी ऐकून घेत नाही. मनोरमाबाईंनी मला हाताला धरून पुढे बसवले. अरुणराव मागे, मनोरमाबाई आणि मिहिका यांच्या मध्ये, तळाच्या उंचवट्यावर पाय घेऊन बसले.

वाटभर लाल कॉर्व्हेट आमच्या पुढे होती. सिग्नलला बाजूच्या गाड्यांतून लोक फोन काढून तिचे फोटो घेत होते. अरुणराव दोन सीटांच्या फटीतून पाहत होते. माझे डोके मध्ये येत असावे, म्हणून मी दाराला टेकून बसलो. "मस्त चालवतो, नाही?" असे त्यांनी मृणालिनीला विचारले. तिने हो म्हटले. एका वळणावर शैलेंद्रने जरा वेग दिला, तो आवाज आमच्या बंद काचांतून आत आला, आणि अरुणरावांनी माझ्या सीटची पाठ हाताने घट्ट धरली. मला वाईट वाटले. इतके वाईट मला यापूर्वी मंडळाच्या कामात कधी वाटले नव्हते. पण मी पुढे बसलेला पाहुणा होतो, आणि विमानतळ जवळच आहे.

विमानतळावर शैलेंद्रने स्वतः खोका उतरवला. काच अजिबात वाजली नाही म्हणून मनोरमाबाईंनी त्याची पाठ थोपटली. त्याने दोघांना वाकून नमस्कार केला. गाडीपाशी घाम पुसत तो म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी नक्की." अरुणराव म्हणाले, हो, पुढच्या वेळी. आत जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. पहिल्यांदा मुलाकडे पाहिले असावे.

परतताना कॉर्व्हेटची दुसरी सीट रिकामी होती. शैलेंद्रने मला बसायला सांगितले. मी नको म्हणालो. त्याने तीनदा आग्रह केला, तेव्हा मी बसलो. सीट फार सुखाची आहे.

मंडळाच्या वार्षिक अहवालात त्या गाडीपुढे मी 'प्रवासी: दोन (खोका व सचिव)' असे लिहिले. अहवाल लिहिताना माझ्या लक्षात आले की सदस्यत्वासाठी गाडी असण्याची अट आपण उगाच घातली आहे. ती मी सर्वानुमते काढून टाकली. (सर्वांनी 'वा' म्हटले.) आता एकच पाहतो. आपल्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तरी आपण त्याच्या बोटांवरून जिलबी वाढतो. आपल्या आईने किंवा वडिलांनी अगदी परवा 'नको रे, कशाला उगाच' म्हटले, तेव्हा आपण किती वेळा विचारलेत?

एकदा विचारून थांबला असाल, तर अर्ज पाठवू नये. आपले नाव मी सदस्यांच्या यादीत आधीच घातले आहे.