यादीत नसलेली कळशी

बुधवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी शेषगिरीरावांनी सत्तावीस नंबरचा हंडा तुळशीत उपडा केला, हातातल्या कागदावर शेवटची खूण केली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केलं, "संपलं! घरात आता पाण्याचा थेंब नाही!"

धारवाडात, जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं ही बातमी इतक्या आनंदानं सांगणारा दुसरा माणूस सापडला नसता.

"अहो, नळ फुसफुसल्याशिवाय भांडं रिकामं करू नये," आतून हेमावतीबाई म्हणाल्या. "बारा वाजता जावई येणार. माझी डाळ अजून कोरडी पडलीय."

"नऊ पंधराला ताज्या पाण्यात डाळ चढेल. कागदावर लिहिलंय. नव्या जावयाचं पहिलं पुरण काय शिळ्या पाण्यात शिजवायचं?"

यावर हेमावतीबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की शेषगिरीरावांना आपलं पटलं असं वाटायचं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी हा गैरसमज काही गेला नव्हता.

शेषगिरीराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून जानेवारीत निवृत्त झाले. लावायला फायली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांची नजर घरच्या नळावर गेली. सहा आठवडे ते मनगटी घड्याळ घेऊन नळाशेजारी बसले. पाणी येतं नऊ दहाला आणि राहतं एक तास. त्यातली अडतीस मिनिटं लोक जुनं पाणी ओतण्यात आणि भांडी घासण्यात घालवतात. भांडी आधीच घासून तयार ठेवली तर? हिशेब बिनतोड होता, आणि तीच खरी अडचण होती. त्यांनी घरातल्या प्रत्येक भांड्यावर लाल ऑइलपेंटनं नंबर टाकला, वेळापत्रक टाइप करून घेतलं आणि कार्बन लावून काढलेल्या प्रती गल्लीतल्या अकराही घरांत वाटल्या. रिकामा वेळ असलेल्या माणसाशी वाद घालायला कुणालाच वेळ नव्हता, म्हणून गल्लीनं ते मान्य केलं.

नऊला दहा कमी असताना सुभाष रोडच्या मागची ती गल्ली बघण्यासारखी झाली होती. अकरा दारांपुढं घासूनपुसून लख्ख केलेले हंडे, कळशा आणि बादल्या ओळीनं मांडलेल्या, आणि सगळ्या ठणठणीत रिकाम्या. समोरचे वकील सदाशिव यांनी वेळापत्रकाप्रमाणे गालाला दाढीचा साबण फासला होता. शेजारच्या वेणूबाई डोक्याला तेल थापून न्हायला तयार बसल्या होत्या.

तेवढ्यात एक किडकिडीत माणूस सायकल ढकलत शेषगिरीरावांच्या दारात आला. सायकलीच्या दांडीला एक लांबलचक लोखंडी गज बांधलेला होता.

"सायेब, जरा प्यायला पाणी देता काय? पहाटे पाचपास्नं सायकल हाणायलोय. घसा वाळला बघा."

शेषगिरीराव चपापले. पाणी मागणारा माणूस त्यांच्या दारातून कधी परत गेला नव्हता. पण काय करणार? त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"वीस मिनिटांनी या. नऊ दहाला पाणी येतं."

"येतं म्हंजे? आपोआप येतं काय?"

"आपोआप कसं येईल? सत्याप्पा सोडतो. माणूस घड्याळाचा पक्का आहे. हे बघा, सगळं लिहिलंय. आणि पडद्याच्या सळया विकायच्या असतील तर आम्हाला नकोत."

त्या माणसानं कागदाकडे बघितलं, भांड्यांकडे बघितलं, मग शेषगिरीरावांकडे जरा जास्त वेळ बघितलं. तो समोर गेला, तर वकिलांनी फेसाळ तोंडानं नुसती मान हलवली. वेणूबाई म्हणाल्या, "थेंब नाही रे बाबा! शेषगिरीनं सगळं ओतायला लावलंन्." शेवटी तो गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

"बरं तर!" तो तिथूनच ओरडला. "पाणी आलं की पितो, मगच कामाला लागतो!"

नऊ दहा झाले. नळ गप्प. नऊ पंचवीस झाले, नळातून एक मुंगी बाहेर आली. पावणेदहाला वकिलांच्या गालावरचा साबण वाळून तडकायला लागला.

"शेषगिरीराव, कोर्टात अकराला माझी केस आहे. असा जाऊ?"

"माझं डोकं बघ की रे," वेणूबाई म्हणाल्या. "या तेलात पापड तळून निघतील. पदराला लागलं, उशीला लागलं, आता मांजराला लागलंय."

शेषगिरीरावांनी वकिलांच्या घरून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की माणूस चावी घेऊन पाचलाच निघालाय. मग गेला कुठं? शेषगिरीराव दारात येरझारा घालू लागले. दोन तासांवर जावई, आणि घरात त्याच्या पायावर घालायला तांब्याभर पाणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या घड्याळाचा राग आला. भीतीही वाटली, पण ती ते कबूल करणार नव्हते.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्या कोरड्या ठाक गल्लीत कुकरची शिट्टी झाली.

सगळ्या माना एकदम शेषगिरीरावांच्या घराकडे वळल्या.

"आम्हाला ओतायला लावलं, आणि स्वतःच्या घरी डाळ शिजतीय?" वकील म्हणाले. त्यासरशी गालावरचा साबणाचा एक पोपडा खाली पडला.

शेषगिरीराव तिरासारखे आत शिरले. तांदळाच्या डब्यामागून ओढून काढलेली एक पितळी कळशी ओट्याशेजारी होती. काठोकाठ नाही, पण निम्मी भरलेली.

"ही कळशी यादीत नाही!" ते ओरडले.

"म्हणूनच भरलेली आहे," हेमावतीबाई म्हणाल्या.

"मघाशी सांगायचं नाही का? एक माणूस पाणी मागून गेला. तो अजून कट्ट्यावर बसलाय!"

हेमावतीबाईंच्या हातातली पळी थांबली. "पाणी मागायला आलेला माणूस परत पाठवलात? या दारातून?" त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्या उठल्या. तांब्या भरला, वाटीत गुळाचा खडा घेतला आणि थेट कडुनिंबाखाली गेल्या. मागून शेषगिरीराव, त्यांच्यामागून सगळी गल्ली.

"घ्या हो अण्णा. मी मागच्या अंगणात होते, मला कळलंच नाही."

त्यानं गूळ तोंडात टाकला, सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि मिशी पुसली. "हां! आता लागतो कामाला, अक्का." त्यानं सायकलीचा गज सोडला, कट्ट्याच्या पायथ्याशी असलेलं लोखंडी झाकण उचललं आणि गज आत घालून चावीसारखा चारदा फिरवला. गल्लीतले अकरा नळ एकदम फुसफुसले.

"तुम्ही!" शेषगिरीरावांच्या तोंडून एवढंच निघालं.

"यल्लाप्पा. सत्याप्पा लेकीच्या लग्नाला रजेवर हाय, त्याच्या जागी आलोय."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का?"

"तुमी म्हणलासा की, पाणी आलं की या. कागद बी दाखवलासा. मी म्हणलं, शिकलेली माणसं, यांची काय तरी येगळी सोय असंल."

पुढची कथा मात्र शेषगिरीरावांच्या बाजूनं झाली. भांडी घासलेली होतीच, त्यामुळं सत्तावीसच्या सत्तावीस बावीस मिनिटांत भरली. वकील गुळगुळीत गालानं कोर्टात गेले, वेणूबाईंनी मांजरासकट शिकेकाई वापरली, आणि साडेबाराला जावयाच्या पानात गरम होळिगे, म्हणजे पुरणपोळी, पडली. जेवताना शेषगिरीरावांनी जावयाला आपली योजना पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितली. मधला दीड तास तेवढा वगळला.

पुढच्या बुधवारी यल्लाप्पाच पुन्हा आला. या खेपेला गल्लीनं धडा घेतला होता. सायकल वळायच्या आत अकराही दारांतून माणसं तांब्या आणि गूळ घेऊन बाहेर पडली. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं टाळलं असं कसं करणार? यल्लाप्पा भिडस्त माणूस. तो प्रत्येक दारात बसला, प्रत्येकाचं पाणी प्याला आणि प्रत्येकाला सत्याप्पाच्या लेकीच्या लग्नाची हकीकत सांगितली. कडुनिंबापाशी तो पोचला तेव्हा त्याला वाकून झाकण उचलवेना. पाणी आलं नऊ चाळीसला.

त्या दिवशी वेळापत्रकात पहिल्यांदाच खाडाखोड झाली. 'नऊ ते साडेनऊ, यल्लाप्पाचं पाणी. त्यानंतर आपलं,' असं शेषगिरीरावांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग त्यांनी माळ्यावरून लाल पेंटचा डबा काढला, ब्रश बुडवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, ती कळशी दे बघू. अठ्ठावीस नंबर टाकतो, म्हणजे ती एकदाची यादीत येईल."

हेमावतीबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कुठली कळशी?"