कव्हरवाले पाटणकर

आमच्या शेजारच्या पाटणकर भावोजींच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचं कव्हर आहे. त्या प्लास्टिकला चरे पडू नयेत म्हणून वर कापडाचं. त्यामुळे बटणं दिसत नाहीत. भावोजी अंदाजाने दाबतात आणि जे लागेल ते पाहतात. परवा तासभर गुजराती भजन पाहत बसले होते. "बदला की हो," म्हटलं, तर म्हणाले, "कव्हर काढावं लागेल, वहिनी. राहू दे, बरा गातोय."

फ्रिजला झालरीचं कव्हर, मिक्सरला नाडीचं, सिलिंडरला तर घेरदार परकर. सोफा मुळात कुठल्या रंगाचा होता, ते आता फक्त दुकानदाराला ठाऊक. हे सगळे कपडे शिवले त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, शैलाने. शैला गेली, पण तिचा फ्रिज अजून नटूनथटून उभा असतो.

भावोजींची सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात झाली. ट्रकमधल्या मालावर ताडपत्री नीट बसली की नाही, ते बघायचं काम. "लोखंड गंजतं वहिनी, आपण तर माणसं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यालाच गंज चढलाय.

बरं, वस्तू झाकून थांबतील तर शपथ. तोंडातही तेच. इंग्रज जाताना सगळी भाषा घेऊन गेले आणि पाटणकरांसाठी एवढा एक शब्द ठेवून गेले असावेत. वडाळे तळ्यावर फिरून आले की, "आज दोन राउंड कव्हर केले." लग्नाला निघाले की, "कव्हर घेतलं का?" म्हणजे आहेराचं पाकीट. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत, "हे विम्यात कव्हर होतं ना?" माझ्या नातीची शिकवणी घेतली आणि मला म्हणाले, "अपूर्णांक कव्हर झाले." निकाल लागला तेव्हा कळलं, खरंच झाकून ठेवले होते! आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याची मोटर बंद करायला विसरला आणि अख्खा जिना धुऊन निघाला, तर हे घरोघर सांगत फिरले, "मी त्याला कव्हर केलं. कुणाला बोललो नाही."

सून म्हणते, "आई, काकांना दुसरा शब्दच येत नाही." मी म्हटलं, "तुझं तरी दिवसभर 'ओके'च चालू असतं की."

गेल्या महिन्यात त्यांनी घराचं रंगकाम काढलं. मी मदतीला गेले. सगळं घर चादरींखाली. उभं राहायची चोरी, न जाणो, आपल्यावरही टाकतील. आणि खिडकीपाशी शैलाचं शिलाई मशीन तेवढं उघडं! सुईखाली अर्धं शिवलेलं उशीचं कव्हर, त्यावर धूळ. वरची भिंत खरवडायला रंगारी शिडी लावत होता.

"अगंबाई, हे राहिलंच की!" मी चादर उचलली.

"वहिनी, नको!"

इतक्या मोठ्याने ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

"अहो, पोपडे पडतील. शैलाच्या कापडाची वाट लागेल."

"कळतंय हो मला." मग हळूच म्हणाले, "दवाखान्यात निघताना म्हणाली, आल्यावर उरलेली शिवण मारते, उघडंच असू दे. काम संपलं की मगच कव्हर घालायची ती."

"काका, मशीन सरकवू का?" रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं.

"नको. सुई आहे कापडात."

"मग करू काय?"

तेव्हा मीच चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली आणि दोन माझ्या हातात घेतली. मशीनला लागू न देता चादर वर ताणून धरली. रंगारी खरवडायला लागला. पोपडे चादरीवर टपाटप पडत होते. माझा खांदा भरून आला. त्यांच्या बाजूची चादर मात्र तसूभर खाली आली नाही.

"वहिनी, हे कव्हर नाही हं," ते म्हणाले. "नुसतं धरलंय."

"छे हो," मी म्हटलं, "कव्हर कसलं!"