काजाची सुई

बायकोची सुई शोधायला मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी कपाटावर हात घातला. स्टूल एका बाजूला गेलं, मास्तर दुसऱ्या बाजूला. सुई सापडली नाही. उजव्या पावलाचं हाड मात्र मोडलं.

मास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी. चाळीस वर्षं ते कापत आणि शिवत आले, आणि काजं-बटणं बायको करत आली. तिला जाऊन आठ महिने झाले होते. शेवटी ती मास्तरांच्याच कोटाची काजं करत होती. चारांतली दोन झाली, तिसरं अर्ध्यावर राहिलं. मास्तरांना काज येत नव्हतं असं नाही. पण ते तिच्याच सुईनं पुरं करायचं, हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

आणि सुई ती लपवून ठेवायची. कारण मास्तर त्या सुईनं मशीनमधला मळ काढत, बोटात गेलेलं कुसळ काढत आणि एकदा तर दात कोरताना सापडले होते.

"माझ्या सुईला पुन्हा हात लावून बघा!" असं म्हणून तिनं नेढ्याजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तेव्हापासून सुईची जागा रोज बदलली.

"जाताना तरी सांगायचंस," मास्तर तिच्या बसक्या खुर्चीला म्हणत.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाऊल टेकायचं नाही. कुबड्या दोन दिवस चालल्या. काखा सोलल्या आणि दोन्ही हात अडकले. चहाचा कप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाता येईना. तिसऱ्या दिवशी लेक एक चार चाकांची गाडी घेऊन आली.

"बाबा, दुखरा पाय दुमडून यावर गुडघा ठेवायचा. दुसऱ्या पायानं ढकलायचं. हा ब्रेक, ही पुढं टोपली."

"या वयात खेळणं आणलंस?"

"कुबड्या देऊ परत?"

मास्तरांनी मुकाट्यानं गुडघा ठेवला.

गल्लीला विषय मिळाला. "मास्तर, मागं कुणाला बसवता का?" न्हाव्यानं दुकानातून विचारलं. जिला बसवलं असतं ती आधी "मी नाही बाई, पाडाल मला," म्हणाली असती आणि मग बसली असती. त्या दिवसापासून गाडीवर असताना कुणी हाक मारली की मास्तर वळून बघेनासे झाले.

पाचव्या आठवड्यात लेकीचा धीर सुटला. "बाबा, ती सुई आता नाही मिळायची. दुकानातून तसलीच दुसरी आणा. नाहीतर दुसरा पायही मोडून घ्याल."

"तसलीच," मास्तर पुटपुटले. पण दमले होते. त्यांनी कोट टोपलीत ठेवला, आणि दोरा नेढ्यातून जातो का ते बघायला काजाच्या दोऱ्याचं तिचं रीळ वर ठेवलं. जाड, तपकिरी, गच्च भरलेलं रीळ. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती तेच गुंडाळत बसली होती. "आत्ता कशाला ते?" त्यांनी विचारलं होतं. "काम आहे माझं," ती म्हणाली होती.

मास्तर बाहेर पडले, मागं हात करून दार ओढून घेतलं आणि निघाले. दोऱ्याचं टोक दारात अडकलं होतं. गाडी पुढं गेली तसं रीळ टोपलीत गरगरू लागलं.

"अहो मास्तर!" समोरच्या वहिनी ओरडल्या.

झाली सुरुवात, असं म्हणत मास्तरांनी पाय जोरात मारला.

"मास्तर, थांबा! दोरा!" हे पेन्शनर पोस्टमन. ते अडवायला आडवे आले आणि दोरा त्यांच्या पोटाशी लागला. ते गर्रकन वळले तसा एक वेढाही बसला. काजाचा दोरा, तुटतो कसला! तेवढ्यात न्हाव्याचा कुत्रा भुंकत दोऱ्याखालून गेला, वरून आला आणि खुर्चीभोवती दोनदा फिरला. खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं.

"मास्तर, आम्हाला शिवून टाकता का काय?" न्हावी ओरडला.

मास्तरांनी मान आणखी खाली घातली. पुढं उतार होता. ब्रेक दाबला असता तर हाका ऐकाव्या लागल्या असत्या, म्हणून दाबला नाही. गाडी थेट बटणवाल्याच्या फळीवर जाऊन आदळली.

"काय देऊ मास्तर?"

"काजाची सुई. या दोऱ्याला चालेल अशी."

बटणवाल्यानं टोपलीतून रीळ उचललं. उघडं लाकूड, त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीत काहीतरी खोचलेलं.

"सुई तर आहे की तुमच्याकडे! आणि दोरा कुठंय?"

मास्तरांनी सुई उजेडाकडे धरली. नेढ्याजवळ लाल ठिपका होता. ते कितीतरी वेळ तशीच धरून उभे राहिले, एका पायावर आणि एका गुडघ्यावर.

"मास्तर, पाय दुखतोय का?"

"हो," मास्तर म्हणाले.

परत जाताना ते दोरा हातावर गुंडाळत गेले. न्हाव्याकडे गिऱ्हाईक हलायचं थांबलं होतं, कुत्र्याला वहिनींनी धरलं होतं, पोस्टमन स्वतःभोवती उलटे फिरले.

"एवढं ओरडलो, मास्तर. ऐकू येत नाही का?"

"बायको असती तर ऐकलं असतं," मास्तर म्हणाले. "तिनं कान धरून थांबवलं असतं."

न्हावी उरलेला दोरा हातावर घेत दारापर्यंत सोबत आला.

संध्याकाळी लेक आली. कोटाचं तिसरं काज पुरं झालं होतं. अर्धं नाजूक, अर्धं जाडंभरडं.

"मिळाली वाटतं सुई! आणि चौथं?"

मास्तर तिच्या आईच्या बसक्या खुर्चीत बसून रीळ गुंडाळत होते. धूळ लागलेला दोरा, गाठींसकट, अगदी गच्च. कागदाची पट्टी केव्हाच खाली दडली होती. दात कोरायची फार इच्छा झाली होती, पण त्यांनी काडी घेतली होती.

"चौथ्याला सुई कुठं आहे?" ते म्हणाले. "शोधावी लागेल."