सात जणांची आरती

बंडोपंतांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना डोळ्याची काळजी लागली होती. एकट्या बंडोपंतांना आरतीची लागली होती. हिंगोलीतल्या त्यांच्या गल्लीतल्या राममंदिरात संध्याकाळची आरती गेली एकतीस वर्षं तेच म्हणत, पेटीही तेच वाजवत. आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, ऑपरेशननंतर महिनाभर धूप, कापूर, गर्दी काही चालणार नाही.

मंदिराचे विश्वस्त किसनराव विचारपूस करायला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "पंत, तुमी बिनघोर ऱ्हावा. महिनाभर जळबाला सांगतो. त्याच्यापाशी सोताचा स्पीकर हाय."

जळबा लग्नाकार्यात तयार ट्रॅकवर गाणी म्हणायचा. पंतांना ठसकाच लागला. सगळी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेलेली. तात्पुरता चार्ज घेतलेला माणूस खुर्ची कशी सोडत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तेही डोळे चांगले असताना.

"जळबा कशाला? मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देतो ना!" पंत बोलून गेले. ते कसं करतात हे मात्र त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं.

ते त्यांच्या सुनेला ठाऊक होतं. नीलांबरी पुसेगावच्या शाळेत शिक्षिका होती आणि पोरांच्या कविता घरच्या कॉम्प्युटरवर, नेटवरून उतरवलेल्या ठेक्यावर म्हणून रेकॉर्ड करायची. रविवारी सकाळी तिने माइक जोडला, तबल्याचा ट्रॅक लावला आणि सासऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

"बाबा, तबला फक्त तुम्हाला ऐकू येईल. आधी नुसती पेटी वाजवा. आवाज नंतर वेगळा घेऊ."

"पेटी वेगळी आणि मी वेगळा?"

"हो. मग दोन्ही जोडू."

पंतांनी पेटीवर पहिला सूर धरला आणि त्याबरोबर त्यांचं तोंडही उघडलं. नीलांबरीने थांबवलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ओठ घट्ट मिटले, तर बोटं हलेनात. शेवटी तिने नाद सोडला आणि दोन्ही एकदमच होऊ द्या म्हणाली.

हेडफोनमुळे पंतांना स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्यांनी तो वाढवला. स्वयंपाकघरातून गंगूताई धावत आल्या.

"अहो, काहून ओरडून राहिले? शेजारच्या रुख्मिणीबाई विचारून राहिल्या, काय झालं म्हणून!"

"तबला चालू आहे, मग बोल!" पंत ओरडले.

गंगूताईंनी खोलीभर नजर फिरवली. तबला कुठेच नव्हता आणि नवरा तर मान डोलवत होता. त्या तडक देवघरात गेल्या आणि त्यांनी निरांजन लावलं.

खरी अडचण पुढेच होती. प्रत्येक वेळी पंत मध्येच एखादी ओळ धरून बसायचे आणि तबला पुढे निघून जायचा.

"बाबा, थांबलात काहून?"

"लोक येऊन राहिले ना! मोंढ्यातली माणसं दुकान बंद करून येतात, त्यांच्यासाठी एक कडवं लांबवावंच लागतं."

"इथं कोणीच येत नाहीये, बाबा."

"इथं नाही गं, तिथं!"

इथं आणि तिथं यातला गोंधळ दुपारपर्यंत काही सुटला नाही. सहा वेळा आरती झाली आणि सहाही वेळा पंत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांसाठी थांबले. सातव्या खेपेला दमल्यामुळे असेल, ते कोणासाठीच थांबले नाहीत. नीलांबरीने सुटकेचा निःश्वास टाकला. पडद्यावर एकाखाली एक सात पट्ट्या दिसत होत्या. "वरच्या सहा मी बंद केल्यात," ती म्हणाली, "सातवी तेवढी चालू ठेवलीय. उद्या शाळेतून आले की फाईल तयार करून देते. हे इथलं बटण दाबलं की ती या पेनड्राइव्हवर उतरते, झालं."

पंतांनी बटणाची जागा कागदावर टिपून घेतली.

सोमवारी दुपारी त्यांना दम निघेना. मंगळवारी ऑपरेशन, आणि जीप वेळेवर मिळाली नाही तर सून येणार कधी? ते एकटेच कॉम्प्युटरपुढे बसले. धुरकट डोळ्यांना सहा फिक्या पट्ट्या आणि एक ठळक पट्टी दिसली. ते पाहून त्यांच्यातला रेकॉर्डकीपर अस्वस्थ झाला. नोकरीत त्यांनी एकही फाईल अर्धवट वर पाठवली नव्हती. खोडलेला अर्ज असो, फेटाळलेला असो, सगळे कागद क्रमाने लावूनच प्रकरण साहेबांपुढे जायचं. त्यांनी सहाही पट्ट्या एकेक करून चालू केल्या आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरने काही हरकत घेतली नाही. गंगूताईंनी घरात आवाज करायला बंदी घातली होती, म्हणून ऐकून पाहायचं राहिलं. पेनड्राइव्ह मंदिरात पोचला.

मंगळवारी संध्याकाळी पंत डोळ्याला पट्टी बांधून अंथरुणावर कान टवकारून होते. मंदिराच्या भोंग्यातून तबला सुरू झाला. मग बंडोपंत सुरू झाले. त्यांच्या पाठोपाठ दुसरे बंडोपंत आले, आणि बघता बघता सात बंडोपंत सात पेट्या घेऊन आरतीत शिरले.

"बाबा," नीलांबरीने तोंडावर हात ठेवला, "त्या सहा पट्ट्या?"

"जोडल्या. सुट्या कशा ठेवायच्या?"

आरती संपली आणि किसनराव धापा टाकत दारात आले. आता जळबा, असं म्हणून पंतांनी उघडा डोळाही मिटून घेतला.

"पंत! कुठून आणली ही मंडळी?" किसनराव म्हणाले. "एक थांबला का दुसरा उचलते, दुसऱ्याचा दम सरला का तिसरा हाय! मोंढ्यातला माणूस कव्हाबी येऊ द्या, त्याची आरती चुकतच न्हाई!"

पंतांना खरं सांगायचं होतं. पण जळबाचं नाव निघालं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. किसनरावांनी सूचना तेवढी केली, "त्यातला एक जण मधीच खोकतो. त्याला जरा औषध द्या."

महिना कसाबसा सरला. डॉक्टरांची बंदी उठली त्याच संध्याकाळी पंत इस्त्रीचं धोतर नेसून मंदिरात गेले. त्यांचा ऊर भरून आला होता. ते पेटीपुढे बसणार, तोच किसनराव आडवे आले.

"पंत, आता दगदग कशाला? ती मंडळी करून राहिली ना बराबर."

"अहो किसनराव, मंडळी कुठली? ते सगळे मीच आहे!"

"सगळे?"

"सातही!"

किसनरावांनी सोबत आलेल्या गंगूताईंना बाजूला घेतलं. "वहिनी, ऑपरेशन डोळ्याचंच केलं ना?"

पंतांनी तिथेच उभ्या उभ्या एक कडवं म्हणून दाखवलं. जमलेली माणसं लक्ष देऊन ऐकत होती.

"वळखलं!" किसनराव आनंदाने म्हणाले. "त्यातला जरा मागं ऱ्हातो, तो आवाज तुमचा. लपवता कशाला? तुमचं घरचंच देऊळ हाय, तुमीबी उभं ऱ्हावा त्यांच्यासंगं."

पेनड्राइव्ह लागला. पंत खांबापाशी उभे राहिले आणि त्यांनी आवाज लावला. पहिल्या बंडोपंताला धरावं तर तो पुढे निघून जाई, दुसऱ्याला धरावं तर तो कोणासाठी तरी थांबलेला असे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कळेना की आरती कुठे चालली आहे. ते आणखी जोर लावून म्हणू लागले.

किसनरावांनी टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्याकडे वळून हाताने खूण केली. "पंत, हळू! बाकीच्यांचं ऐका जरा."