आत दुमडलेले दोन इंच

आमच्या भद्रावतीचे टेलर अजीजभाई माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी माप. रस्त्यात एखादा पोरगा दिसला की खिशातून टेप निघालाच. पोराची आई बघत राहायची, हे हात मोजून मोकळे. म्हणायचे, ‘‘गोलकीपर.’’ लांब हात पाहून गोलमध्ये उभा केलेला एक पोरगा बॉल आला की डोळे मिटायचा. अजीजभाईंचं म्हणणं, हात बरोबर आहेत, डोळे उघडतील.

आमच्या फुटबॉल क्लबात त्यांनी ‘बच्चा टीम’ काढली होती. जर्सी स्वतः शिवत आणि प्रत्येकीत दोन इंच कापड आत दुमडून ठेवत. तरी ती गुडघ्यापर्यंत यायची, पोरं त्यात अडकून धडाधड पडायची. विचारलं तर, ‘‘पोरगं वाढते, भाऊ.’’

मी क्लबचा सेक्रेटरी. टूर्नामेंटसाठी आम्ही नागपूरहून तीन तयार खेळाडू आणायचो, आणि ऐन संध्याकाळी ही पोरं मैदान अडवून बसायची. एका वर्षी मी बच्चा टीम बंद करायचा ठराव मांडला. अजीजभाई एवढंच बोलले, ‘‘रेडिमेड कपडा दुसऱ्याच्या मापाचा राह्यते, भाऊ.’’

त्याच वर्षी फायनलला आमचे तिन्ही नागपूरवाले मैदानात उतरले, पण समोरच्या टीमच्या जर्सीत. आदल्या दिवशी कोणीतरी त्यांना फोडलं होतं. आम्ही आठ जण उरलो. अजीजभाईंनी मला न विचारता बच्चा टीममधली तीन मोठी पोरं आत पाठवली. दुमड सोडलेल्या जर्सी आता त्यांना नीट बसत होत्या. आम्ही एका गोलने हरलो, पण लांब हातवाल्याने पेनल्टी अडवली, तीही डोळे उघडे ठेवून.

ठराव मागे घेतल्याचं सांगायला मी दुकानात गेलो. अजीजभाई वीतभर जर्सी शिवत होते. माप म्हणून समोर एक फोटो ठेवलेला.

‘‘सलीमचा पोरगा. सौदीहून येऊन राह्यले, आता इथीच राहतीन.’’ नातवाला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

मी मान खाली घातली. त्यांच्या मुलाला, सलीमला, वीस वर्षांपूर्वी ‘लहान आहेस’ म्हणून मैदानावरून परत पाठवणारा मीच. तो पुन्हा कधी आला नाही. बच्चा टीम त्यानंतरची. मला फार लाज वाटली, आणि मी तसं बोललो.

‘‘मी बी तवा चूप राह्यलो, भाऊ,’’ ते म्हणाले. मग जर्सी पुढे धरली. ‘‘याले घेसान ना?’’

बच्चा टीमला वय लागतं आठ. पोरगा जेमतेम चारचा. मी वही काढली आणि त्याचं नाव विचारलं.