तिसऱ्या मजल्यावर मंजूर झालेला वारा

माणूस आजाराने मरत नाही, आरपार वाऱ्याने मरतो. आजार हे नुसतं दाखल्यावर लिहायचं नाव. पान्चेवो शहरात ही गोष्ट कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही. दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी राहिली, की वारा या बाजूने शिरतो, त्या बाजूने निघतो आणि जाताना मधल्या माणसाला घेऊन जातो. तो आधी मानेत बसतो, मग कमरेत, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर डोक्यात शिरतो. (ज्याच्या डोक्यात शिरला त्याला ते कळत नाही. हेच मुख्य लक्षण.) एकटी खिडकी उघडी असेल तर मात्र ती आरोग्याला चांगली, असं डॉक्टरही सांगतात.

हे सगळं ठाऊक असून ल्युप्काने जे केलं, त्याला धाडसच म्हणायला हवं. ल्युप्का सत्तेचाळीस वर्षांची, एकटी, बावीस वर्षं एकाच छापखान्यात मुद्रितशोधक. छापखाना बुडाला तेव्हा मालकाने शेवटच्या पगाराऐवजी प्रत्येकाला एकेक वस्तू दिली. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कागदाची रिमं, पहारेकऱ्याला फाटक. ल्युप्काला लॅपटॉप मिळाला. सुरू केला की तो पिठाच्या गिरणीसारखा आवाज करी, पण चाले.

आता नोवी सादच्या एका कंपनीने तिला गुरुवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलं होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो कागद येतो (जो फक्त दोघं वाचतात, एक मुद्रितशोधक आणि दुसरा आपल्याला काहीतरी झालंय असं वाटणारा माणूस), तो तपासायचं काम. मुलाखतही लॅपटॉपवर, नोकरीही लॅपटॉपवर. नोकरी नाही मिळाली तर मार्चमध्ये फ्लॅट सोडून दूर नीश शहरात भावजयीकडे राहायला जावं लागणार होतं. भावजय स्वभावाने फार चांगली आहे, असं तिच्यापासून लांब राहणारे सगळे सांगतात.

आणि लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं.

स्वस्तात इंटरनेट मिळवण्याचे मार्ग ल्युप्काने रीतसर तपासले. फोन बटणांचा, त्यातून फक्त आवाज येई, तोही वाईट बातमीचा. खालच्या कॅफेत एका कॉफीवर तीन तास बसता येतं आणि इंटरनेट फुकट, पण तिथे सकाळी अकरालाच अशी गाणी लावतात की मुलाखत घेणाऱ्यांनाही नाचावं लागलं असतं. वाचनालयात इंटरनेट झकास, पण बोलायला बंदी. (मुलाखतीत तोंड न उघडणाऱ्याला नोकरी मिळते, पण ती सरकारी.) राहता राहिली समोरच्या दारातली पेर्सामावशी.

पेर्सामावशी चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. तिचा मुलगा स्वीडनला, म्हणून तिच्याकडे इंटरनेट. राउटर टीव्हीवर, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर चिनी मातीचा हंस. पासवर्ड थेट मागणं हा असभ्यपणा. पहिल्या कॉफीला तिच्या रक्तदाबाची चौकशी करायची, दुसऱ्या कॉफीला तिच्या कैलासवासी नवऱ्याच्या, मग तिसऱ्या कॉफीला पासवर्डचा विषय आपोआप निघतो.

"अगं, घे की पोरी, विचारतेस काय!" पेर्सामावशी म्हणाली. "तो काही माझ्या विहिरीतून उपसून आणावा लागत नाही."

पासवर्ड मिळाला, इंटरनेट मिळालं नाही. सिमेंट सरकारचं होतं त्या काळात ही इमारत बांधलेली, त्यामुळे कुणी हात राखला नव्हता. भिंतीतून लहरी सोडाच, शेजारच्यांचं भांडणसुद्धा ऐकू येत नसे. दोन्ही फ्लॅटांची दारं सताड उघडली आणि ल्युप्का स्वतःच्या उंबऱ्यावर बसली, तरच लॅपटॉपवर सिग्नलच्या चार काड्या उभ्या राहात. पण पेर्सामावशीच्या घरात इंटरनेटची तार येते खिडकीतून, त्यामुळे ती खिडकी कायम चार बोटं उघडी. खिडकी उघडी, दार उघडं, मध्ये ल्युप्काची मान. शिवाय त्या आठवड्यात बाहेर कोशावा वारा सुटलेला, आणि तो एकदा सुटला की तीन दिवस, सात दिवस किंवा एकवीस दिवस चालतो. मधले आकडे त्याला मान्य नाहीत.

खिडकीच्या चौकटीला भोक पाडून तार आत घेतली की प्रश्न मिटेल, असं कुणालाही वाटेल. नियमांनुसार चौकटीला भोक पाडायला वीसही फ्लॅटधारकांची सही लागते. नऊ नंबरवाला व्हिएन्नाला टाइल्स बसवतो आणि फक्त ऑगस्टमध्ये येतो. हा फेब्रुवारी होता.

मंगळवारी रंगीत तालीम झाली. चाळीस मिनिटांत दार अकरा वेळा लावलं गेलं. चार वेळा खुद्द पेर्सामावशीने, तीन वेळा गृहसमितीचे अध्यक्ष स्लावोल्युबकाकांनी, दोनदा पोस्टमनने, एकदा मजला चुकलेल्या एका अनोळखी गृहस्थाने ("बाई, जीव नकोसा झालाय का?" असं म्हणून) आणि एकदा स्वतः ल्युप्काने, सवयीने. एकानेही त्रास द्यायचा म्हणून लावलं नाही. अकराच्या अकरा वेळा निव्वळ माया होती.

मायेपुढे कायदाच उभा राहू शकतो. स्लावोल्युबकाका निवृत्त मीटर-वाचक. बत्तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून आकडे घेतलेला माणूस. त्यांनी बुधवारी जिन्यात सूचना चिकटवली:

"गुरुवारी ११.०० ते ११.४० या वेळेत तिसऱ्या मजल्यावर अपवाद म्हणून आरपार वारा मंजूर करण्यात येत आहे. ओले केस, गर्भार स्त्रिया आणि मूत्रपिंडवाल्यांनी लिफ्ट वापरावी. (लिफ्ट बंद आहे.) दार लावणाऱ्याला जिना धुवावा लागेल. हा वारा पायंडा मानू नये."

गुरुवारी पावणेअकराला पेर्सामावशीला लोकरी बंडी घालून पाचव्या मजल्यावर हलवण्यात आलं. जाताना तिने हंसाचं तोंड वाऱ्याकडून फिरवून ठेवलं. स्लावोल्युबकाका कमरेला पट्टा बांधून जिन्यात उभे राहिले. त्यांच्या खिशात राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रतिबंधक म्हणून एक घोट आणि धोका जास्त म्हणून स्वतःला दोन. ल्युप्काने वर रेशमी ब्लाउज घातला आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भागात दोन लोकरी पायमोजे, आईची शाल आणि गरम पाण्याची रबरी पिशवी.

अकराला पडद्यावर श्रीमती केत्स्मान आल्या. चष्मा, केस ताठ, हसू नाही. त्यांनी मानदुखीच्या गोळ्यांचा एक कागद दाखवला. "यात पाच चुका आहेत. शोधा."

ल्युप्काने सहा शोधल्या.

"सहावी कुठली?"

"मान धरण्याची कारणं दिलीत त्यात, बाई. उशी, वय, जड पिशव्या. आरपार वारा राहून गेलाय."

"अकरा वर्षं हा कागद छापतोय आम्ही," श्रीमती केत्स्मान म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्या पडद्याजवळ सरकल्या.

"तुमच्या मागचा तो कोट का हलतोय?"

"कुठला कोट, बाई?"

"खुंटीवरचा. आणि तुमचे केस! अहो, तुम्ही वाऱ्यात बसलात की काय? उठा आधी, दार लावा!"

"बाई, दार लावलं तर..."

"एक शब्द नको! माझी आत्या अशीच गेली. दार लावा म्हणते ना!"

ल्युप्काला चांगलं वळण होतं. ती उठली आणि तिने दार लावलं. चारही काड्या विझल्या, श्रीमती केत्स्मान अर्ध्या तोंडाने थिजल्या आणि मग तेही गेलं.

ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि रडली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि ऐन वेळी स्वतःची एक केली, तीही आईने शिकवली होती तश्शी. डोळ्यांपुढे नीशचं स्टेशन आणि फलाटावर उभी असलेली भावजय दिसायला लागली. बाहेरून स्लावोल्युबकाकांचा भरून आलेला आवाज आला, "दार लावलंत ते झकास केलंत, ल्युप्काबाई! मला कधीचं बोलायचं होतं, पण काय करू, सूचना माझीच!"

इतक्यात बटणांचा फोन वाजला.

"लावलंत?" श्रीमती केत्स्मान.

"लावलं."

"मान वळतेय का बघा. डावीकडे. आता उजवीकडे. छान. सोमवारपासून कामाला लागा."

पुढचं संभाषण चाळीस मिनिटं चाललं. त्यातली तीन मिनिटं पगारावर होती. शेवटपर्यंत टिकलेला दुसरा उमेदवार फार हुशार होता, पदव्या दोन, इंटरनेट अखंड. पण तो ओल्या केसांनी उघड्या दार-खिडकीच्या मध्ये बसून हसत होता. अशा बेजबाबदार माणसाच्या हाती औषधं देणार कोण?

नियुक्तिपत्रात दोन अटी होत्या. एक, नऊ ते पाच इंटरनेट अखंड हवं. दोन, दार बंद हवं.

शनिवारी गृहसमितीची तातडीची सभा भरली. स्लावोल्युबकाकांनी वाऱ्याला रोज आठ तासांची मुदतवाढ देण्याचा ठराव मांडला, तो एकमताने फेटाळला गेला. त्यांनी स्वतःही विरोधात मत दिलं. व्हिएन्नाला फोन लावला, टाइल्सवाला म्हणाला, ऑगस्टला बघू. दोन तास झाले, कॉफी संपली. ल्युप्का कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

तेव्हा पेर्सामावशी म्हणाली, "माझ्याच स्वयंपाकघरात बसली तर? दार लावून घेऊ की."

स्लावोल्युबकाकांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

"मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं," पेर्सामावशी म्हणाली. "पण ही विचारेना. म्हटलं, हिला माझी कॉफी आवडत नसेल."

"मलाही सुचलं होतं, मावशी," ल्युप्का म्हणाली. "पासवर्ड मागता येतो हो. खुर्ची कशी मागायची?"

सोमवारी नऊ वाजता ती दोन पावलं चालून कामावर गेली. दार लागलं. हंसाचं तोंड पुन्हा सरळ झालं.

आता वाचकहो, एक विचारतो. इतका वेळ तुम्ही या वेड्या लोकांना हसत होतात. भोकाचा विचार केलात, टाइल्सवाल्याला मनात चार शिव्या घातल्यात. मग ल्युप्काने सरळ समोरच्या घरात जाऊन बसावं, हे तुम्हाला कुठल्या ओळीला सुचलं? सुचलं असेल, तर तुम्हीही तिला खुर्ची दिली नाहीत, गप्प राहून मजा बघितलीत. आणि सुचलं नसेल, तर वारा कुठवर पोचलाय ते तुमचं तुम्हाला कळणार नाही. आधी उठा आणि मागचं दार लावून या.